ज्येष्ठ नागरिक संघात अखेरच्या आजारपणाचा विषय कसा काढावा?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावातला तुमचा ज्येष्ठ नागरिक संघ, साठ-सत्तर सभासद, दर महिन्याला एक व्याख्यान. मधुमेह झाला, गुडघेदुखी झाली, सायबर फसवणूकही झाली. मागे एका वकिलांनी येऊन ‘लिव्हिंग विल’ समजावलं, म्हणजे अखेरच्या आजारात कोणते उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवायचं वैद्यकीय इच्छापत्र. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नमुने घरी नेले आणि एकानेही भरला नाही. आता म्हातारपणातली शुश्रूषा आणि अखेरचं आजारपण यावर नीट कार्यक्रम ठेवावा असं तुमच्या मनात आहे, तर अध्यक्ष म्हणतात, “अभद्र विषय आहे, निम्मे लोक चपला घालून निघून जातील.” मग कसं करावं?

मी फिजिशियन आहे. बरीच वर्षं पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करण्याच्या उपचारांत, घरोघरी जाऊन रुग्ण बघते आणि अशा सभांना बोलावलं की जाते. लोक उठून गेलेले मी फारसे पाहिले नाहीत. ते बसतात, गप्प राहतात आणि चहाच्या वेळी एकेक जण बाजूला घेऊन विचारतो, “मॅडम, आमच्या हिच्या वेळी आम्ही केलं ते बरोबर होतं का?” तुमची खरी अडचण ही आहे. चारचौघांत आणि त्याहून जास्त स्वतःच्या घरात हे बोलायला तोंड उघडत नाही. वकिलांचे नमुने कोरे राहिले तेही त्यामुळेच. घरात जे बोलणं झालं त्याची नोंद त्या कागदावर करायची असते. बोलणंच झालं नसेल तर लिहिणार काय? ‘माझ्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती’ या रकान्यात थोरल्याचं नाव घालायचं की जवळ राहणाऱ्या धाकट्याचं, तिथेच पेन अडतं.

एक गंमत बघा. तुमच्या संघात नेत्रदानाचे, देहदानाचे अर्ज भरलेले सभासद नक्की असतील. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, खोलीतला पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, हे सगळं लोक निवांत ऐकतात. म्हणजे मरण हा विषय त्यांना वर्ज्य नाही. जड जातो तो त्याच्या आधीचा काळ: महिनोन्महिने अंथरूण, डायपर, दुसऱ्याच्या हातून जेवण, आयसीयूच्या दारात भावंडांची वादावादी. कार्यक्रम त्या काळावर ठेवा.

पुढे मी जे सांगते ते सगळंच तुमच्या गावाला लागू पडेल असं नाही. सभासदांची मुलं गावातच आहेत की पुण्या-मुंबईला आणि परदेशात, जवळच्या जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा डॉक्टर किंवा नर्स आहे का, सभेला बायका येतात का आणि आल्या तर बोलतात का, यावर बरंच अवलंबून आहे. तुमच्याकडची परिस्थिती बघून कमीजास्त करा.

सुरुवात शुश्रूषेपासून करा, कायद्यापासून नको. कारण सोपं आहे: सभेतल्या प्रत्येकाने कोणाचं तरी केलेलं असतं, आईचं, सासऱ्यांचं, नवऱ्याचं. त्यावर बोलताना कोणी अडखळत नाही. पहिल्या सत्रात भाषण ठेवूच नका. एक कॉट, एक गादी आणि एक अनुभवी नर्स आणा. पडून असलेल्या माणसाला चादरीच्या आधाराने दोघांनी कसं सरकवायचं, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, टाचा उशीवर अधांतरी कशा ठेवायच्या, हे करून दाखवू द्या. पाठीला लाल चट्टा दिसला की घरोघरी तिथे तेल चोळतात. ते करू नये, त्याने आतली नाजूक कातडी आणखी दुखावते. भोकाची गोल गादीही नको, तिच्या कडांवर दाब येतो. एअर बेड चांगला, पण तो आणला म्हणून कूस बदलणं थांबवायचं नाही. भरवताना माणूस उठून बसलेला हवा, हनुवटी थोडी खाली, घास छोटा आणि मागचा घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा. ही माहिती लोक घरी जाऊन त्याच दिवशी वापरतात. मग पुढच्या सत्राला तुमच्यावर विश्वास ठेवून येतात.

या सत्राला सुनांना बोलवा. मी हे आग्रहाने सांगते. आपल्याकडे करतात त्या सुना, मुली आणि बायका, आणि निर्णय घेतात मुलगे, जावई आणि काका. संघाची सभा कामाच्या दिवशी संध्याकाळी असते, तेव्हा सून एकतर नोकरीवर नाहीतर स्वयंपाकघरात. रविवारी सकाळी ठेवा. रुग्णसेवेच्या ब्युरोतून मावशी आणायची तर दिवसाचा दर काय, तिला काय काम सांगायचं आणि काय नाही, तिच्या सुट्टीच्या दिवशी कोण, हे तिथे मोकळेपणाने निघू द्या. पैशाचा विषय निघाला की बक्षीसपत्राचा विषय निघणारच. त्यावर एवढंच सांगा की २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३चा, म्हणजे सांभाळ झाला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा, आधार हवा असेल तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रातच लिहून घ्यावी. बाकीचं दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, नाहीतर सगळी सभा सातबाऱ्यावर जाईल.

दुसरं सत्र अवघड. त्यात आयसीयू, व्हेंटिलेटर, नाकातली नळी हे येतं. तुमच्या वक्त्याला आधीच एक ताकीद द्या: ‘व्हेंटिलेटर म्हणजे लुबाडणूक’ असा सूर लावायचा नाही. टाळ्या मिळतात, पण नुकसान होतं. समोर बसलेल्यांपैकी काहींच्या घरी आधीच खर्चावरून कुरबुर असते. त्यांना ‘म्हाताऱ्यांवर आता पैसा घालवू नका’ एवढंच ऐकू जातं. पंचाहत्तरीच्या, रोज फिरायला जाणाऱ्या माणसाला न्यूमोनिया झाला तर चार दिवसांचं व्हेंटिलेटर त्याला पुन्हा फिरायला नेऊ शकतं. तेच यंत्र शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगाला किंवा पुरत्या विझलेल्या फुप्फुसांना लावलं तर बहुधा शेवट लांबतो, बदलत नाही. नळीचंही तसंच. पक्षाघातानंतर गिळणं काही आठवड्यांनी परत येऊ शकतं, तोवर नळीने अन्न देणं शहाणपणाचं. स्मृतिभ्रंशाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात मात्र नळीने आयुष्य वाढत नाही आणि अन्न श्वासनलिकेत जाणंही थांबत नाही; तिथे हाताने, सावकाश, जेवढं घेतील तेवढं भरवणं बरं. छाती दाबून हृदय चालू करण्याबद्दलही लोकांनी फक्त मालिका पाहिलेल्या असतात. थकलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या शरीरात त्याने बरगड्या मोडतात, आणि मूळ आजारच अखेरचा असेल तर परत येणारे फार थोडे.

म्हणून ‘करायचं की नाही’ यापेक्षा डॉक्टरांना काय विचारायचं ते शिकवा. मी तीन प्रश्न फळ्यावर लिहून देते. हा उपाय कशासाठी आहे, बरं होण्यासाठी की वेळ मिळण्यासाठी? सगळं नीट झालं तर पेशंट कुठल्या अवस्थेत घरी येईल? आणि किती दिवसांत कळेल की उपयोग होतोय की नाही? तिसरा प्रश्न फार कामाचा. ‘दोन-तीन दिवस करून बघू आणि मग पुन्हा बसून ठरवू’ असं आधीच बोललं गेलं असेल तर नंतर कोणाच्याच डोक्यावर ‘आपण सोडून दिलं’ हे ओझं राहत नाही.

याच सत्रात पॅलिएटिव्ह केअर म्हणजे काय तेही सांगा. ‘उपचार बंद’ असा तिचा अर्थ लोक घेतात. प्रत्यक्षात वेदना, धाप, मळमळ, झोप न येणं, घरच्यांचा थकवा यांवरचे हे उपचार आहेत, आणि मूळ आजाराच्या औषधांसोबतही ते चालू शकतात. कर्करोगाखेरीज हृदय, मूत्रपिंड, फुप्फुसं निकामी होत चाललेल्यांनाही त्यांची गरज असते. मॉर्फिनचं नाव काढलं की सभेत कोणीतरी ‘ते तर नशेचं’ म्हणणारच. तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या महाग नाहीत, आणि वेदनेच्या मानाने मोजून दिल्या तर माणूस शुद्धीवर राहून घरच्यांशी बोलू शकतो. सोबत पोट साफ होण्याचं औषध मात्र पहिल्या दिवसापासून हवंच. मिळण्यात अडचण होती ती १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे. २०१४च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं. तरीही तुमच्या जिल्ह्यात ते नेमकं कुठे मिळतं हे कार्यक्रमाआधी शोधून ठेवा. सभेत सांगण्यासारखी याहून उपयोगी माहिती नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे घरातलं बोलणं.

आपली माणसं याबद्दल बोलत नाहीत असं म्हणतात, ते मला तितकंसं पटत नाही. “हातपाय चालते आहेत तोवर जावं.” “कोणाला करायला लागू नये.” “हाल नकोत.” ही वाक्यं प्रत्येक घरात रोज ऐकू येतात. म्हातारं माणूस दार उघडतं, आणि घरचे म्हणतात, “आजी, तिन्हीसांजेला काय हे भलतंच!” दार बंद. प्रेमापोटीच म्हणतात, पण बंदच होतं. तिसऱ्या सत्रात लोकांना एवढंच शिकवायचं की ‘हाल नकोत’ हे वाक्य आलं की पुढे काय विचारायचं.

“तुमच्या दृष्टीने हाल म्हणजे काय?” हा पहिला प्रश्न. उत्तरं इतकी वेगवेगळी येतात की भावंडांनाही नवल वाटतं. माझ्या पाहण्यात एका आजोबांचं म्हणणं होतं, अंथरुणावर पडून राहीन, पण रेडिओवरचं कीर्तन ऐकू येतंय तोवर मला जगायचंय, औषधं चालू ठेवा. दुसऱ्या एका निवृत्त शिक्षिकेला दुखण्याची भीती नव्हती. नातवंडांना ओळखता येणार नाही त्या दिवसानंतर मला हॉस्पिटलात नेऊ नका, असं तिने सांगितलेलं. दोघांच्याही तोंडी वाक्य तेच होतं, ‘हाल नकोत’. नुसत्या त्या वाक्यावर मुलाने निर्णय घेतला असता तर दोघांपैकी एकाच्या मनाविरुद्ध झालं असतं.

मग आणखी दोन प्रश्न. “तुम्हाला बोलता येईनासं झालं तर तुमच्या वतीने कोणी बोलावं?” आणि “घरी की दवाखान्यात?” घरी, असं बहुतेक जण पटकन म्हणतात. तेव्हा बघणारा कोण आहे हेही विचारायचं, कारण ‘घरी’ याचा अर्थ बहुतेकदा एका बाईच्या सहा महिन्यांच्या रात्री असा होतो. तिलाही विचारलं पाहिजे.

सभेत दोन-दोनच्या जोड्या करा, नवरा-बायको एकत्र नकोत, आणि हे तीन प्रश्न एकमेकांना विचारायला सांगा. हात वर करायला लावू नका, कोणाला माईकवर उत्तर द्यायला लावू नका. समोरच्या रांगेत अलीकडेच बायकोचं व्हेंटिलेटर काढण्यावर सही केलेला माणूस बसलेला असू शकतो. एखादा उठून बाहेर गेला तर त्याच्यासोबत जाऊन बसेल असं एक शांत माणूस आधीच नेमून ठेवा. अध्यक्षांची दुसरी शंका, वाढदिवसांच्या मासिक सभेलाच हे नको, ती मला मान्य आहे. वेगळा दिवस घ्या. पण ‘आनंदी वृद्धत्व’ अशा नावाखाली बोलावून आत आयसीयू दाखवू नका, लोकांना फसवल्यासारखं वाटतं. ‘आजारपणात माझं कोण बघणार, माझ्या वतीने कोण बोलणार’ असं सरळ नाव द्या.

परदेशातल्या मुलांचं मुद्दाम लिहिते. भारतात राहणारी मुलगी रोज आईचं खालावणं बघत असते, अमेरिकेतला मुलगा सहा महिन्यांपूर्वीच्या आईला मनात धरून विमानात बसतो आणि आल्या आल्या म्हणतो, “सगळं करा.” त्याची तळमळ खरी असते, त्याच्यावर चिडून उपयोग नाही. पण ‘मुलगा येईपर्यंत’ म्हणून यंत्रावर ठेवलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. ज्यांची मुलं बाहेर आहेत अशा सभासदांना सांगा की ते तीन प्रश्न व्हिडिओ कॉलवर, आजारपण नसताना, सगळ्या भावंडांच्या देखत एकदा बोलून टाका.

कायदा आता, चौथ्या सत्रात, आणि अर्ध्या तासात उरका. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि असं वैद्यकीय इच्छापत्र वैध ठरवलं. पहिली पद्धत इतकी किचकट होती की कोणी त्या वाटेला जाईना. न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २४ जानेवारी २०२३च्या आदेशाने ती सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. त्यात तुमच्या वतीने बोलणाऱ्या एक किंवा अधिक व्यक्तींची नावं घालता येतात, प्रत घरच्यांना आणि फॅमिली डॉक्टरना द्यायची, एक स्थानिक स्वराज्य संस्थेतल्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले होते. कधीही मन बदललं तर ते लेखी रद्द करता येतं, आणि तुम्ही शुद्धीवर असून बोलू शकता तोवर त्याचा काही संबंधच येत नाही. तुमचा शब्दच चालतो. मृत्युपत्राशी याची गल्लत होऊ देऊ नका, मालमत्तेचं एक अक्षर यात नसतं.

कोणीतरी उठून अरुणा शानबाग, सावरकर, विनोबा यांची नावं घेणारच. अरुणा शानबाग या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या, हल्ल्यानंतर अनेक दशकं अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका. त्यांच्या खटल्यात २०११ साली न्यायालयाने जीवनरक्षक उपाय थांबवण्याला काही अटींवर तत्त्वतः परवानगी दिली, पण त्यांच्या बाबतीत ते करू दिलं नाही. केईएमच्या परिचारिकांनी २०१५ पर्यंत त्यांना सांभाळलं. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध सोडलं तो पूर्ण शुद्धीतल्या माणसाचा निर्णय होता. इंजेक्शन देऊन मरण आणणं आपल्याकडे आजही बेकायदा आहे. एवढं सांगून पुढे सरका. इच्छामरण असावं की नसावं या वादाला तोंड फुटलं की दोन निवृत्त प्राध्यापक तासभर बोलतात आणि बाकीचे घड्याळ बघतात.

कायद्याहून जास्त वेळ ‘डामा’ला, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंटला घरी नेण्याला, द्या. आयसीयूत लावलेला उपाय काढायचा तर रुग्णालयात डॉक्टरांची दोन मंडळं बसावी लागतात. तालुक्याच्या रुग्णालयात सहसा कोणी त्या भानगडीत पडत नाही. मग घरचे ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेतो’ अशी सही करून पेशंट घरी आणतात. इथवर ठीक, पण पुष्कळदा त्या पेशंटसोबत घरी येते फक्त फाईल. रात्री धाप लागते, घरात काहीच औषध नसतं, आणि पहाटे पुन्हा रुग्णवाहिका. म्हणून लोकांना सांगा: घरी नेण्याआधी हटून बसा आणि चार गोष्टी मागा. वेदना आणि धाप यांची औषधं, चिठ्ठीसकट. नळ्या घरी ठेवायच्या असतील तर त्यांची काळजी कोण घेणार ते. रात्री फोन कोणाला करायचा. आणि घरी मृत्यू झाल्यास दाखला कोण देणार.

शेवटच्या दिवसांत काय दिसतं तेही लोकांना माहीत हवं, नाहीतर घाबरून पळापळ होते. खाणं-पिणं आपोआप कमी होतं. शरीर मिटत चाललेलं असतं, उपासमार नव्हे. झोप वाढते, हातपाय गार पडतात, श्वास मधेच थांबून पुन्हा सुरू होतो, घशात घरघर येते. ती घरघर ऐकणाऱ्याला जितकी छळते तितकी बहुधा त्या माणसाला नाही. कुशीवर वळवलं की कमी होते. त्या वेळी सलाईनचा हट्ट धरला तर उलट अंगावर सूज आणि छातीत पाणी वाढतं. गंगाजळ-तुळशीपत्राची रीत असेल तर जरूर करा, पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात चमचाभर पाणी ओतू नका, ओठ आणि जीभ ओल्या कापसाने टिपा. ऐकू येत असेल असं धरून बोलत राहा.

अपेक्षित, नैसर्गिक मृत्यू घरी झाला तर पोलिसांचं काम नसतं. उपचार करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यायचा, नमुना ४-अ, आणि २१ दिवसांच्या आत नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद करायची. डॉक्टर पेशंटला आधीपासून बघत असतील तर सही देतात. ऐनवेळी बोलावलेला अनोळखी डॉक्टर कचरतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

वक्ता कुठून आणायचा, हे तुम्ही शेवटी विचारलंय. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा विभाग आहे का, ते शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात पत्र देऊन विचारा. केंद्र सरकारचा त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे. पुण्याला वारज्याचं सिप्लाचं केंद्र आणि मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन ही दोन्ही कर्करुग्णांसाठीची जुनी ठिकाणं, तिथली माणसं मार्ग सांगतात. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन पत्रकावर छापा. केरळात कोझिकोड-मलप्पुरम भागात शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनीच ही सेवा उभी केली आणि २००८ मध्ये राज्याने त्यासाठी धोरण आणलं. तुमच्या संघातले चार धडधाकट सभासद आठवड्यातून एकदा अंथरुणाला खिळलेल्या सभासदाकडे तासभर बसले तरी त्या घरातली सून दळण आणून येऊ शकते. आणि माझ्यासारखा डॉक्टर बोलावलात तर त्याच्या हातात माईक वीस मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. उरलेला वेळ नर्सला द्या, आणि चहा आधी न ठेवता शेवटी, लांबलचक ठेवा.